पुन्हा ज्युरासिक पार्क: हिंदीत, इंग्रजीत आणि आवाज बंद करून

सिनेमा लावण्याआधी वही घेतली आणि आठवतं ते सगळं लिहून काढलं. एकदा बघायला बसलो की लहानपणीचा सिनेमा पुसला जाणार आणि समोरचा त्याची जागा घेणार, हे ठाऊक होतं. म्हणून आधी जुना कागदावर उतरवायचा आणि मगच नवा बघायचा, अशी अट मीच मला घातली.

निमित्त शाळेचं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात मी एका माध्यमिक शाळेवर भूगोल शिकवतो. दख्खनचं पठार आणि बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा दगड, शिकवायला घेतलं की मुलं हमखास डायनासोरवर येतात. त्यांनी या मालिकेतले अलीकडचे सिनेमे मोबाइलवर पाहिलेले असतात, तेही तुकड्या-तुकड्यांत. पण एका बेटावर डायनासोर पुन्हा जन्माला घालून त्यांचं पार्क काढणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगणारा 1993चा पहिला 'ज्युरासिक पार्क' वर्गात एकानंही पाहिलेला नव्हता. तो मुलांना शाळेच्या प्रोजेक्टरवर सलग दाखवायचं ठरलं. दाखवण्याआधी आपण एकदा नीट बघावा, एवढंच सुरुवातीला मनात होतं. त्या एकदाचं पुढे बरंच काही झालं.

मी तो पाहिला हिंदीत. अमेरिकेत जून 1993मध्ये आलेला हा सिनेमा आपल्याकडे हिंदीत 1994मध्ये आला. परदेशी सिनेमा हिंदीत आणला तर तालुक्याच्या गावीही गर्दी होते, हे तेव्हा सगळ्यांनाच दिसलं. आमचं गाव गिरणाकाठचं. मामा मला एसटीनं चाळीसगावला घेऊन गेला. उन्हाळा होता, टॉकीजचे पंखे गरम हवाच फिरवत होते, आणि पहिला लांब मानेचा प्राणी पडद्यावर आला तेव्हा मामा मोठ्यानं म्हणाला, "हाई कितलं मोठं शे रे!" पुढे ज्या क्षणी खरी भीती सुरू झाली तेव्हा तो मला "डोया झाकी ले" म्हणत राहिला. मी झाकले नाहीत. तो हात मात्र मधेमधे माझ्या डोळ्यांवर यायचा, त्यामुळे काही दृश्यं मला बोटांच्या फटीतूनच ठाऊक होती.

वहीत काय उतरलं? पाण्याच्या ग्लासात उठणारी वर्तुळं. गाडीच्या छतावर येऊन पडलेला बोकडाचा पाय. संडासात लपलेला माणूस. मानेभोवतीचा पडदा फुलवून तोंडावर विष थुंकणारा छोटा डायनासोर. विजेच्या कुंपणावर अडकलेला पोरगा. स्वयंपाकघरात स्टीलच्या कपाटांआड लपलेली दोन मुलं आणि फरशीवर नखं टकटकवत फिरणारे ते दोन रॅप्टर, म्हणजे चपळ शिकारी डायनासोर. शेवटी टी-रेक्सची डरकाळी आणि वरून लहरत खाली येणारं कापड. लिहून झाल्यावर लक्षात आलं की या यादीत म्हाताऱ्या मालकाचं एकही वाक्य नाही. हे सगळं कुणामुळे बिघडलं, याचाही त्यात पत्ता नाही. माझ्या आठवणीतला सिनेमा म्हणजे पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत नुसते डायनासोर.

पहिल्या रात्री हिंदीतच लावला. मे महिना, खान्देशातलं ऊन, रात्री अकरालाही भिंती तापलेल्या. तरी कूलर बंद केला, कारण ती लांबून येणारी धप्प-धप्प नीट ऐकायची होती.

घड्याळ शेजारी ठेवलं होतं. लांब मानेचा ब्रॅकिओसॉरस पूर्ण दिसायला वीसेक मिनिटं जातात. त्याआधी फक्त एक पिंजरा, आतली धडपड, एक डोळा आणि घाबरलेली माणसं. टी-रेक्स तर तासाभरानंतर येतो. 127 मिनिटांच्या या सिनेमात डायनासोर पडद्यावर असतात ती मिनिटं जेमतेम पंधरा. त्यातली संगणकावर घडवलेली साधारण सहा, बाकी सगळी यांत्रिक बाहुल्यांची. हे आकडे मी आधी वाचले होते, पण स्वतः वही घेऊन बसल्यावरच ते पटले. मग लहानपणी मी दोन तास पाहत काय होतो? वाट. रॅप्टरच्या कोंडवाड्यात जिवंत गाय पट्ट्यांनी बांधून खाली सोडतात. कॅमेरा झाडीच्या वरच थांबतो. पानं हलतात, आवाज येतात आणि फाटलेले पट्टे वर येतात. माझ्या डोक्यात मात्र त्या गाईचं पुढे काय झालं याचं सविस्तर दृश्य होतं, रक्तासकट. ते कुणी कधी चित्रित केलेलंच नाही. ते चाळीसगावच्या टॉकीजमध्ये बसून मी केलं होतं.

दुसऱ्यांदा मूळ इंग्रजीत पाहिला. ओळखीच्या चेहऱ्यांतून अनोळखी आवाज निघताना सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. हिंदीतले ते ठसठशीत आवाज माझ्यासाठी त्याच माणसांचे होते. पण इंग्रजीत पात्रं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, पुटपुटतात, वाक्य अर्धवट सोडतात. त्यामुळे जेवणाच्या टेबलावरचा वाद पहिल्यांदा कळला. लहानपणी तो प्रसंग म्हणजे डायनासोर येईपर्यंतचा कंटाळा होता. गणितज्ञ माल्कम तिथे मालकाला तोंडावर सांगतो की दुसऱ्यांनी कष्टानं मिळवलेलं ज्ञान तुम्ही आयतं उचललंत, आणि हे करता येतं का एवढंच पाहिलंत. करावं का, हे कुणी विचारलंच नाही. हे त्यानं डायनासोर पाहून आल्यावर तासाभरात म्हटलेलं असतं, अजून काहीही बिघडलेलं नसताना.

त्यानंतर टी-रेक्सचा प्रसंग वेगळा काढला. आधी आवाज पूर्ण बंद करून, मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकून. ज्यांना हा सिनेमा पुन्हा बघायचा आहे त्यांनी एवढं तरी कराच.

आवाज बंद असताना दिसतं ते हे: पाऊस, दोन थांबलेल्या गाड्या, तुटलेलं कुंपण. सगळं गाडीच्या आतून, मुलांच्या उंचीवरून. जवळून दिसतो तो स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांनी बनवलेला पूर्ण आकाराचा यांत्रिक टी-रेक्स. चालताना दिसतो तो संगणकातला. जोड कुठे आहे ते शोधायचं म्हणून मी प्रसंग पुन्हा पुन्हा मागे नेला, काही ठिकाणी सापडला, काही ठिकाणी नाहीच. रात्र आणि पाऊस यांनी तो झाकला आहे. पण त्याच पावसानं कारागिरांचे हाल केले होते. यांत्रिक धुडाची रबरी फेसाची कातडी पाणी शोषून जड व्हायची आणि ते सबंध धूड थरथरायला लागायचं. मग चित्रण थांबवून त्याला कोरडं करावं लागे. ग्लासातली वर्तुळंही अशीच हातानं केलेली. गाडीच्या डॅशबोर्डखालून गिटारची तार बांधली आणि ती छेडली, तेव्हा कुठे पाण्यात हवी तशी नेमकी वर्तुळं उठली. त्या एका ग्लासासाठी इतकी खटपट करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

नुसतं ऐकताना कळलं की या सबंध हल्ल्यात संगीत नाही. जॉन विल्यम्सची धून आख्ख्या सिनेमात वाजते, ती इथे गप्प आहे. पाऊस, पत्रा चेपल्याचा आवाज, मुलीची किंकाळी आणि ती डरकाळी. ध्वनिसंयोजक गॅरी रायडस्ट्रॉमनं ती हत्तीच्या पिल्लाचं ओरडणं, वाघ आणि मगरीच्या जातीतला अ‍ॅलिगेटर अशा आवाजांतून घडवली. हत्तीच्या पिल्लाचा भाग माहीत झाल्यावर तो ऐकू यायला लागतो, डरकाळीच्या वरच्या टोकाला. भीती तरी कमी होत नाही.

संगणकाच्या त्या सहा मिनिटांमागे एक गोष्ट आहे, ती मी मुलांनाही सांगितली. मुळात फिल टिपेट नावाच्या कलावंतानं छोटे पुतळे एकेक चौकट हलवून डायनासोर जिवंत करायचे, असं ठरलं होतं. दरम्यान इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्य करामतींच्या कंपनीतल्या लोकांनी संगणकावर टी-रेक्स चालवून दाखवला. ते पाहून आपली कला आता नामशेष झाली, अशा अर्थाचं टिपेट बोलला, आणि दिग्दर्शक स्पिलबर्गनं ते थेट सिनेमातल्या संवादात घेतलं. पण टिपेटला घरी पाठवलं नाही. प्राणी वजन कसं टाकतो, वळण्याआधी मान कुठे नेतो, हे त्यालाच ठाऊक होतं. मग संवेदक बसवलेला धातूचा सांगाडा बनवला गेला. टिपेटची माणसं तो हातानं हलवायची आणि त्या हालचाली संगणकात उतरायच्या. त्या चमूला ऑस्कर मिळालं त्यात टिपेटही होता. सिनेमाला एकूण तीन मिळाली, एक दृश्य करामतींसाठी आणि दोन आवाजासाठी.

आता म्हाताऱ्याबद्दल, कारण वहीत त्याचं काहीच नव्हतं आणि या वेळी माझं सगळ्यात जास्त लक्ष त्याच्यावरच गेलं. जॉन हॅमंड, पार्कचा मालक. हे काम केलंय रिचर्ड अ‍ॅटनबरोनं, म्हणजे 1982चा 'गांधी' दिग्दर्शित करणाऱ्यानं. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'तला जनरल औट्रमही तोच. लहानपणी मला तो नुसता पांढऱ्या दाढीचा, काठीवाला, हसरा आजोबा होता. या वेळी थांबून पाहिला तो आइस्क्रीमचा प्रसंग. वीज गेली आहे, नातवंडं बाहेर अंधारात हरवली आहेत, आणि हॅमंड मेणबत्तीच्या उजेडात एकटा बसून आइस्क्रीम खातोय, कारण फ्रिज बंद पडल्यानं ते वितळायला लागलंय. समोर पार्क बघायला आलेली शास्त्रज्ञ एली सॅटलर येऊन बसते. तो तिला तरुणपणी चालवलेल्या पिसवांच्या सर्कशीबद्दल सांगतो. पिसवा नव्हत्याच, चिमुकले पाळणे मोटारीवर हलायचे, पण मुलांना पिसवा दिसायच्या. या वेळी काहीतरी खरं, हात लावून बघता येईल असं दाखवायचं होतं, म्हणतो. पुढच्या वेळी सगळं नीट करू, असंही म्हणतो. एली त्याला सांगते की ही अजूनही तीच सर्कस आहे. ताबा तुमच्याकडे कधीच नव्हता.

या प्रसंगात एकही डायनासोर नाही आणि मला तो सबंध सिनेमातला सर्वांत चांगला वाटतो. चांगल्या मनाचा माणूस मोठं नुकसान करून बसतो आणि तरी त्याचं स्वप्न सुटत नाही, हे अ‍ॅटनबरोनं चमचा हातात धरून दाखवलं आहे. शिवाय मनात आलं की पडद्यावर नसलेल्या पिसवा मुलांना दिसायच्या आणि मला ती गाय दिसली होती. हा सिनेमा स्वतः काय करतो ते स्वतःच सांगून टाकतो.

विज्ञानाचं थोडक्यात सांगतो, कारण मुलं विचारणार होती. सिनेमात दाखवतात तसा अंबरात, म्हणजे दगड झालेल्या झाडाच्या चिकात, अडकलेल्या डासाच्या पोटातून डायनासोरचा डीएनए मिळणं शक्य नाही. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांवरचा अभ्यास 2012मध्ये आला. त्या हाडांत डीएनएचे निम्मे दुवे साधारण 521 वर्षांत तुटतात. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे 20 लाख वर्षांचा. डायनासोर संपले 6.6 कोटी वर्षांपूर्वी. खरा व्हेलोसिरॅप्टर टर्कीएवढा होता आणि त्याला पिसं होती. सिनेमातला त्याच्या मोठ्या चुलत्यावर, डायनोनिकसवर बेतलेला आहे. विष थुंकण्याला आणि मानेच्या पडद्याला आधार नाही. पण पक्षी हे डायनासोरांचे वंशज, हे तेव्हा सामान्य प्रेक्षकाला नवं असलेलं म्हणणं सिनेमानं ठामपणे मांडलं, आणि पिसांचा डायनासोर चीनमध्ये सापडला तो 1996मध्ये. याचं श्रेय द्यायलाच हवं.

माझ्या विषयाचा भाग मात्र मला घाईनं सांगता येत नाही.

ज्या वर्षी मी चाळीसगावला पडद्यावर तोंड वासून बघत होतो, त्याच्या दहाएक वर्षं आधी गुजरातेत तेव्हाच्या खेडा (आता महिसागर) जिल्ह्यात, रहियोलीला, एका मांसाहारी डायनासोरची हाडं खणून काढलेली होती. त्याचं नामकरण व्हायला 2003 उजाडलं: राजासॉरस नर्मदेन्सिस. नर्मदेचा. जबलपूरजवळ तर 1828मध्येच हाडं सापडली होती. आमच्या धुळ्याहून आग्रा रोडनं निघालं, बिजासनचा घाट चढून सातपुडा ओलांडला आणि नर्मदेपार धार जिल्ह्यात गेलं की बाग-कुक्षीच्या परिसरात अंडी. तिथली 92 घरटी आणि 256 अंडी 2023मध्ये शोधनिबंधात नोंदली गेली. लहानपणी मला हे प्राणी अमेरिकेचे वाटायचे. सातपुड्याच्या पलीकडे ते अंडी घालत होते, हे सांगणारं माझ्या शाळेत कुणी नव्हतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे लाव्हा. डायनासोर संपण्याच्या सुमारासच दख्खनच्या पठारावर भेगांतून लाव्हा येत होता, एकदा आलेल्यावर पुन्हा, भाकरीवर भाकरी रचावी तसा. अजिंठ्याच्या डोंगररांगा त्याच थरांच्या. कपाशीची काळी माती त्याच दगडाची झीज. धुळे-नंदुरबार पट्ट्यात तर तो लाव्हा जिथून वर आला त्या भेगासुद्धा दिसतात. भेगेतच गोठलेला दगड आजूबाजूच्यापेक्षा कठीण, म्हणून बाकीचं झिजलं आणि तो अरुंद, सरळ, काळ्या भिंतीसारखा माळावर उभा राहिला. भूशास्त्रात याला डाइक म्हणतात. इथे त्यांचा मोठा समूह आहे. डायनासोर उल्कापातानं गेले यावर आता बहुतेकांचं एकमत आहे, लाव्ह्याचा त्यात वाटा किती यावर वाद चालूच आहे. पण ज्या काळाबद्दल तो सबंध सिनेमा आहे, त्याच्या शेवटच्या पानावर आम्ही रोज सायकली चालवतो. ही गोष्ट मला या वेळच्या बघण्यातून नव्यानं जाणवली आणि अजून उतरलेली नाही.

शाळेत शनिवारी दाखवला. वर्गाच्या खिडक्यांना शेतातली शेडनेट दुहेरी करून लावली, तरी उजेड येतच होता. म्हणून हिरवी सतरंजीही टांगली. हिंदीतच लावला. सुरुवातीची वीस मिनिटं चुळबुळ. एकानं "सर, पुढे ढकला" असं सांगितलं, कारण मोबाइलवर तशीच सवय. मी ढकललं नाही. ब्रॅकिओसॉरस आला तेव्हा वर्ग शांत झाला आणि टी-रेक्सच्या वेळी तर शेवटच्या बाकावरची मुलंही पुढे सरकून जमिनीवर आली. मधे थांबवून काही समजावायचा बेत होता, तो सोडून दिला.

मुलींना एली आवडली, जीव धोक्यात घालून वीज परत आणणारी. आणि लेक्स, जी शेवटी संगणक चालवून दारं बंद करते. मायकेल क्रायटनच्या 1990च्या कादंबरीत भाऊ मोठा आहे आणि संगणकाचं काम त्याचं आहे, सिनेमात ते बदललं, असं सांगितल्यावर मागून टाळ्या आल्या.

एका मुलीनं विचारलं, "सर, आपल्या गावात खणलं तर सापडतील का?" मी सांगितलं की इथे खणलं तर आधी लाव्ह्याचाच दगड लागेल, आणि हाडं शोधायची तर त्या दगडाच्या खालचे, त्याच्याआधी साचलेले थर जिथे उघडे पडलेत तिथे जावं लागतं, म्हणजे नर्मदेकडे. मग पुढच्या आठवड्यात सगळे मिळून गावाबाहेरची ती काळी भिंत बघायला गेलो. गुरं वळायला रोज तिथे जाणारी दोन मुलं वर्गात होती. ती पुढे चालली आणि इतरांना दाखवू लागली की दगड कुठे आडवा फुटलाय आणि कुठे चढायला सोपा आहे. हातोडी नव्हती, दगडावर दगड आपटून ताजा भाग काढला. काळाभोर, जड. कितीतरी वेळ तो हातोहात फिरत होता.

परतताना वाद पेटला तो सिनेमावरून: दोष कुणाचा? बहुतेकांचं मत पार्कचा संगणक सांभाळणाऱ्या नेड्रीवर, त्यानंच पैशासाठी कुंपणाची वीज घालवली. त्यावर कपाशीच्या वेचणीला सुट्टीत जाणारा एक मुलगा म्हणाला, "सर, डोकरानी त्याले पुरा पैसा दिना नही ना!" मी थांबलो. हॅमंड सिनेमाभर सांगत असतो की आम्ही खर्चात कसूर केली नाही. जेवण उत्तम, गाड्या उत्तम, माहिती सांगणारा आवाजही नामवंताचा. आणि सगळं बेट ज्याच्या संगणकावर चालतं तो माणूस पैशासाठी कुरकुरतो तेव्हा त्याला सुनावलं जातं की तुझ्या अडचणी तुझ्या. मी इतक्या वेळा पाहून हे जोडलं नव्हतं. दुसरी बाजू लगेच उठली, पैसे कमी दिले म्हणून लहान पोरांचा जीव धोक्यात घालायचा का? त्याला त्या मुलाकडे उत्तर नव्हतं, पण त्यानं मत सोडलं नाही.

कादंबरीत हॅमंडचं काय होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तिथला हॅमंड आइस्क्रीमवाला आजोबा नाही. तो शेवटपर्यंत दुसऱ्यांना दोष देत राहतो, आणि त्याच्याच पार्कमधले छोटे प्राणी त्याला मारतात. येत्या शनिवारी ते प्रकरण मराठीत सांगायचं आहे, मी तयारी करतोय. वाद पुन्हा होणार आणि मला तो हवा आहे.